केस मागे घ्यायला गेलेली वहिनी

आमच्या शिवणाच्या दुकानात आम्ही सगळ्या जिला वहिनी म्हणतो, ती काजं-बटणं करते. ओठांत कायम टाचण्या, त्यामुळे बोलणं बेताचं. नवऱ्याने हात मोडला तेव्हा मात्र पोलिसांत घडाघडा बोलली. मग सासूबाई हात धुऊन मागे लागल्या, "केस मागे घे." शेवटी त्याच तिला कोर्टात घेऊन आल्या आणि बाहेर बाकावर बसल्या. मी वहिनीसोबत आत गेले.

सरकारी वकील म्हणाले, "खटला आता सरकारचा आहे. तुम्ही साक्षीदार. तुम्ही नको म्हणालात म्हणून तो बंद होत नाही."

वहिनी म्हणाली, "साहेब, हे जरा बाहेर येऊन मोठ्याने सांगाल? सासूबाईंना कमी ऐकू येतं."

साहेबांनी बाहेर येऊन ओरडून सांगितलं.

सासूबाईंना शेजारच्या घरात टाचणी पडली तरी ऐकू येते. हात मोडला त्या दिवशी तेवढं काही ऐकू आलं नव्हतं.