परत म्हणून दाखव

"परत म्हणून दाखव," असं म्हणत आमचे सर डावा कान पुढे करायचे. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल, ज्याला एकदा सांगून भागत नाही. लातूरबाहेरच्या आमच्या लहानशा धावपट्टीवर मात्र तो नियमच होता. शिकाऊ वैमानिकाला रेडिओवर जे सांगायचं, ते त्यानं जसंच्या तसं परत म्हणायचं. सर "बरोबर" म्हणाले की मगच पुढे.

सरांनी हा नियम चहावाल्यालाही लावला होता. "दोन कट, एक बिनसाखरेचा. म्हणून दाखव."

"सर, च्या हाय, इमान न्हाई," तो कुरकुरायचा आणि म्हणून दाखवायचा.

विमानांना रेडिओवरून सूचना द्यायचं काम मी त्यांच्या हाताखाली शिकत होते. इंग्रजी शाळेमुळे उच्चार बरे, पण आवाज इतका बारीक की निम्मा रेडिओच्या खरखरीतच विरायचा. सर म्हणायचे, "मोठ्यानं, माय. ढगाला सांगायचंय, उशीला न्हाई."

मग कोपऱ्यात नवं यंत्र आलं. वरून जाणाऱ्या मोठ्या विमानांचे निरोप त्यावर अक्षरांत उमटायचे. बोलणं नाही, खरखर नाही. सर चिडतील असं आम्हाला वाटलं होतं. उलट ते त्याच्याभोवतीच घुटमळायला लागले. बसायचे, उठायचे, पडद्यापाशी जाऊन परत यायचे. तपासणीला येणाऱ्या इंजिनिअरला एकच विचारायचे, आमच्या लहान विमानांत हे कधी बसणार? लहानांना कोण बसवतंय सर, ती बोलतच राहणार, असं तो हसून सांगायचा. टेबलाखाली सरांचा गुडघा हलत राहायचा. एवढी घाई कशाची, मला कळेना.

कळलं ते एका दुपारी. सरांनी एका शिकाऊ मुलाला चार हजार फुटांवर राहायला सांगितलं, कारण पाच हजारांवर दुसरं विमान होतं. मुलानं परत म्हटलं, पाच हजार. इंग्रजीत दोन्ही आकडे 'फ'वरूनच. सर म्हणाले, "बरोबर."

"सर, तो पाच म्हणाला," मी म्हणाले. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. मग मी ओरडले.

त्यांनी झटकन बटण दाबलं, आकडा दुरुस्त केला, मुलाकडून पुन्हा म्हणवून घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. तेव्हा कुठे ते "बरोबर" म्हणाले.

दोन्ही विमानं उतरल्यावर त्यांनी हेडफोन काढून ठेवला. "लई दिवस झाले, नीट ऐकू येईना," ते म्हणाले. "वाटलं व्हतं, लहान इमानांत अक्षरं येस्तोवर निभावून नेईन."

त्याच संध्याकाळी ते स्वतःहून साहेबांच्या खोलीत गेले. कानांची तपासणी झाली, आणि सर देगलूरला घरी गेले.

आता त्यांच्या खुर्चीत मी बसते. दिवसाचं काम संपलं की त्यांना फोनवर लिहिते, आज वारा फार होता, नवीन मुलगी नीट उतरली. निरोप वाचल्याच्या निळ्या खुणा लगेच उमटतात, तरी मी थांबते. थोड्या वेळानं माझंच वाक्य जसंच्या तसं परत येतं. मी लिहिते, "बरोबर."

मग रोजचा प्रश्न येतो, "लहान इमानांत आलं का?"

मी लिहिते, "अजून नाही, सर." टेबलाखाली माझा गुडघा हलायला लागलेला असतो.