रिकाम्या ताटाची शाबासकी

त्या दुपारी मालननं ताट दाखवलं नाही. विश्रामबागेत आमच्या दोघींच्या घरांमध्ये एक कंपाउंडची भिंत. जेवण झालं की मागच्या दारात यायचं आणि रिकामं ताट वर करून दाखवायचं, असा आमचा रोजचा नेम. हाका मारल्या, ओ नाही. तिची किल्ली माझ्याकडं असायचीच. आत गेले तर ताट वाढलेलं होतं... आणि मालन खुर्चीत बसल्या बसल्या गेली होती.

हा नेम तिच्या नातीमुळं पडला. मालन फलटणकडची, मुलगा इटलीत, सून तिकडचीच. नातीला मराठी येईना, हिला इटालियन. व्हिडिओ कॉलवर आजीनं रिकामं ताट दाखवलं की पोर टाळ्या पिटून ओरडायची, "ब्रावा!" मालननं तो शब्द असा धरला की एकदा पोस्टमनलाही ब्रावा म्हणाली. ते ऐकून मुलगा फोनवर खो खो हसला आणि त्यानं तिला फरक समजावला. मग मलाच शिकवणी सुरू, "अगं, बाईमाणसाला ब्रावा, बाप्याला ब्रावो. समदी मिळून असली तर ब्रावी, आन् आपल्यावानी नुसत्या बायकाच असल्या की ब्रावे!"

"म्हणजे शाबासच ना? मग सरळ शाबास म्हण की!" मी फणकारले. माझं तोंडच तसलं.

"तुला शाबास शेवटचं कवा कुणी म्हटलं गं?"

मला आठवेना. जन्मभर रांधलं, वाढलं, उष्टी काढली... आणि हे गेल्यापासून एकटीसाठी कुठं स्वयंपाक करायचा म्हणून चहा-बिस्किटावर दिवस ढकलत होते. मालननं ते बरोबर हेरलं आणि मला या नेमाला जुंपलं. ताटात तुकडा दिसला की भिंतीपलीकडून ओरडायची, "त्यो काय कावळ्याला ठेवलाय व्हय? आज ब्रावा न्हाई, जा!" मला राग यायचा, पण मी जेवायला लागले.

दिवसकार्य उरकून मुलगा परत निघाला तेव्हा म्हणाला, "काकू, आईची आठवण म्हणून काहीतरी घ्या." मी तिचं ताट मागून घेतलं. त्यातच जेवते. स्वतःच स्वतःला ब्रावा म्हणूनही पाहिलं. पण आपला हात आपल्या पाठीवर नीट पोचत नाही हो. फार एकटं वाटतं.

काल अर्धी भाकरी टाकून उठले. सवयीनं मागच्या दाराशी गेले, तिची बंद खिडकी पाहिली... आणि मुकाट्यानं परत येऊन जेवायला बसले. ताट रिकामं झाल्याशिवाय तिला दाखवायचं कसं?