बाई, एकीला जाऊ?

आत्या लाजली, म्हणून तिच्या किडन्या गेल्या.

हे वाक्य मी दोनदा खोडलं. ते पुरतं खरं नाही. पण त्यातली लाज खरी आहे, म्हणून ठेवते.

आज तिला जाऊन वर्ष झालं.

मेहकरात तिला सगळे 'बाई'च म्हणायचे. जन्मभर पहिली-दुसरीला शिकवलं. दिवसभर समोर करंगळ्या वर व्हायच्या.

"बाई, एकीला जाऊ?"

"जा, अन् लवकर ये."

स्वतःसाठी मात्र 'लघवी' हा शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकला नाही.

तिची शुगर जुनी. गोळ्या वेळेवर, चहा बिनसाखरेचा, रक्ताची तपासणी नियमित. बसस्टँडजवळ सलीमची लॅब. सलीम तिचाच विद्यार्थी, तिला पाहिलं की अजूनही खुर्ची सोडून उभा राहायचा.

डॉक्टर लघवीची टेस्टही लिहून द्यायचे. सलीम डबी पुढे करायचा.

"बाई, हे बी द्या नं."

"आता होत नाई रे."

"बसा मंग. पानी प्या."

"गॅसवर दूध ठेवून आली मी."

"दर वेळी दूधच कसं राह्यते हो गॅसवर?"

"तुले काय करायचं? रक्त घेतलं नं? झालं तं मंग."

घरी आल्यावर मला म्हणायची, "ज्याची ओली चड्डी म्या वर्गात बदलली, त्याच्या हातात हे नेऊन देऊ?"

दुसऱ्या लॅबमध्ये जा म्हटलं, तर, "सलीमले काय वाटन?"



मग एकदा पाय सुजले. रक्तात क्रिएटिनिन वाढलेलं निघालं, म्हणजे किडन्या नीट काम करत नव्हत्या.

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. शुगरवाल्यांच्या किडनीला त्रास सुरू झाला, की अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन लघवीतून थोडंथोडं गळायला लागतं. तेव्हा काही दुखत नाही, लघवीही साफ दिसते. रक्तात कळेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. म्हणून वर्षातून एकदा तरी ही टेस्ट. आधी कळलं असतं, तर औषधांनी वेग कमी करता आला असता.

'असता' हा शब्द त्यांनी जपून वापरला. मीही जपूनच लिहितेय. वेळेवर कळूनही काहींच्या किडन्या जातात.

रिक्षात आत्याने माझ्याकडे वळून विचारलं,

"मले हे कोणी सांगितलं काऊन नाई?"

"सलीम सांगत होता ना, आत्या."

"हाव. पण तो पोरगा होता नं."

दुसऱ्या दिवशी आम्ही लॅबमध्ये गेलो. किती प्रोटीन जातंय, ते डॉक्टरांना पाहायचं होतं. बाकं भरलेली. आत्या मधोमध उभी राहिली आणि तिने करंगळी वर केली.

"सलीम, एकीला जाऊ का रे?"

सगळी लॅब हसली. सलीम हसला नाही.

"जा बाई," तो म्हणाला. "अन् लवकर या."

त्यानंतर गल्लीतल्या शुगरवाल्या एकाही बाईला तिने सोडलं नाही. भाजीवाल्याच्या गाडीपाशीसुद्धा विचारायची, "रक्त दिलं, ते ठीक. एकी दिली का?" बायका पदराआड हसायच्या आणि जायच्या.

तिची स्वतःची किडनी काही वर्षं तगली. मग डायलिसिस. मग मागचं वर्ष.

हे असं उघड लिहावं का, ते मला ठरवता येईना. आतेभावाला फोन केला.

"लिही बिनधास्त," तो म्हणाला. "तिनं तं भर लॅबमध्ये सांगितलं, तू काऊन लाजून राह्यली?"

मलाही आता शुगर निघालीय. आज सकाळी सलीमच्या लॅबमध्ये गेले. बाकावर ओळखीचे दोन प्राध्यापक बसलेले. सलीमने डबी पुढे केली, आणि माझ्या तोंडात काय आलं असेल?

गॅसवर दूध.

ते गिळलं. करंगळी वर केली.

सलीमने माझ्या करंगळीकडे पाहिलं. मला तो एरवी 'ताई, या, बसा' म्हणतो.

"जा," तो म्हणाला. "अन् लवकर ये."

रिपोर्ट संध्याकाळी येईल. जे असेल ते असेल, पण आत्ताच कळेल.

आत्या, तू निवांत जा.

तुला लवकर यायची घाई नाही.