माणूसमंडळाचे भित्रे चिटणीस

भिण्याच्या बाबतीत माझ्या मामेसासऱ्यांची बरोबरी करील असा माणूस त्या काळी तापीपासून सातपुड्यापर्यंत दुसरा नव्हता, आणि पुढेही कधी झाला असेल असं मला वाटत नाही. तुम्हीआम्ही सापाला भितो, मामा सापाच्या चित्रालाही भीत. शाळेच्या पुस्तकात ते चित्र कितव्या पानावर आहे हे त्यांना पाठ होतं, आणि मुलांचा अभ्यास घेताना ती दोन पानं ते टाचणीने एकमेकांना टोचून ठेवत. इतरांना भ्यायला काहीतरी कारण लागतं; मामा आधी भिऊन घेत आणि कारण सावकाश शोधत. नंदुरबारच्या कोर्टात ते नकलनवीस होते, म्हणजे निकालांच्या नकला उतरवून देणं हे त्यांचं काम. खुनाच्या खटल्याची नकल करायची असली की ते टेबल भिंतीजवळ ओढून पाठ भिंतीला टेकवून बसत. रेल्वेच्या इंजिनाचीही त्यांना दहशत होती. पाहुण्यांना आणायला स्टेशनवर जात ते दोन तास आधी, पण गाडी आत येताना रुळांकडे पाठ करून उभे राहत. अशा पाठमोऱ्या अवस्थेत एकदा त्यांनी आमच्या आत्याबाईंची म्हणून पेटी उचलली ती सुरतेच्या कोणा अनोळखी बाईंची निघाली, आणि त्या बाई मामांच्या मागे ओरडत आमच्या ओट्यापर्यंत आल्या. तार आली तर ती न उघडता ते आधी रडून घेत. असं मनसोक्त रडून झाल्यावर उघडलेल्या एका तारेत मेव्हण्याला मुलगा झाल्याची बातमी होती. घशात जरा खवखवलं की सरकारी दवाखाना, वैद्य आणि हकीम अशा तिन्ही ठिकाणी जाऊन येत, आणि तिघांची औषधं पोटात एकमेकांशी भांडतील या भीतीने एकाचंही घेत नसत.

आणि हा माणूस माणूसमंडळाचा चिटणीस होता! मंडळाचं कागदोपत्री नाव लांबलचक होतं, पण गावाने त्याचं माणूसमंडळ करून टाकलं होतं. दर रविवारी ऊन उतरलं की बाजारातल्या एका रंगाऱ्याच्या दुकानावरच्या माडीवर आम्ही सातआठ जण जमत असू. देव, जात, मंत्रतंत्र हे सगळं जोड्यांबरोबर जिन्याखाली ठेवून वर यायचं असा नियम. घरोघरची शिदोरी एका फडक्यावर मांडून एकत्र जेवायचं, ज्याच्याजवळ कोणी बसत नाही अशा आजाऱ्याजवळ पाळीपाळीने बसायचं, बेवारशी मेलेल्याला खांदा द्यायचा, आणि कुठे कोणी बुवा अंगारा विकायला आला तर त्याला चार प्रश्न विचारायचे, अशी मंडळाची कामं. अध्यक्ष होते एक वकीलसाहेब. त्यांचं भाषण ऐकलं की भुतांची कीव यायची. रंगारी मुसलमान होते, आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणत असू. त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत कधी निळे तर कधी लाल असत, आणि बोलणं अगदी थोडं. मी तेव्हा शाळेत मास्तर होतो. इतिवृत्त मामा लिहीत, कोर्टाच्या सुरेख वळणदार अक्षरात. एका ठिकाणी मी वाचलं आहे : 'स्मशानाशेजारच्या पडक्या घरात भूत नाही हे दाखवण्यासाठी सभासदांनी तिथे चहा प्यावा असं ठरलं. चिटणीसांनी भीती व्यक्त केली. चिटणीसांची भीती बहुमताने नामंजूर.' आणि गंमत म्हणजे त्या बहुमतात चिटणीसांचंही मत होतं. मी विचारलं तर म्हणाले, "जवाईबापू, भूत नाही हे मला पटलंय हो. पायांना पटायचं राहिलंय."

एवढं भ्यायचं तर या भानगडीत पडायचं कशाला, हे मी त्यांना एकदाच विचारलं. ते बराच वेळ टाक पुसत राहिले. मग म्हणाले, "तुमच्या मामींना बाळंतपणात ताप आला. डॉक्टर दोन गल्ल्या पलीकडे होता. घरच्या वडीलधाऱ्यांनी मांत्रिकाला बोलावलं. मला कळत होतं, पण वडिलांसमोर तोंड उघडायची भीती वाटली. पाच दिवस तो लिंबं कापत होता, आणि मी दाराशी उभा." त्यानंतर हा विषय मी काढला नाही.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीच्या एका पावसाळ्याअखेरची गोष्ट. चाचा तापीपलीकडच्या प्रकाशा गावच्या बाजारात लुगडी विकून आले ते थेट माडीवर चढले. रविवार नव्हता, तरी त्यांनी आम्हाला बोलावणी पाठवली. प्रकाशापासून तासाभराच्या वाटेवर नदीकाठी एक गाव होतं. तिथे तापाची साथ होती आणि पंधरवड्यात चार पोरं गेली होती. चारही पोरं एकाच दाईच्या हातची. ती एकटी विधवा बाई. पोरं तिने खाल्ली, ती डाकीण आहे, असं गावाने ठरवलं होतं. परगावचा एक मांत्रिक अवसेला येऊन तिची परीक्षा घेणार होता. परीक्षा म्हणजे उकळत्या तेलातून अंगठी काढायची. अवस तीन दिवसांवर होती.

"पोलिसांत कळवू," कोणीतरी म्हणालं.

"पोलीस येतील आणि जातील," मामा म्हणाले. त्यांचा आवाज आधीच कापत होता. "ते गेल्यावर बाई गावातच राहणार ना?"

कोणीतरी जायला हवं, असं ठरलं. वकीलसाहेबांनी चार पानी भाषण लिहून दिलं. निघायच्या दिवशी मात्र त्यांना कफ झाल्याची चिठ्ठी आली. अशा रीतीने आम्ही तिघे निघालो : चाचा, मी आणि मामा. लॉरीने तापीच्या काठापर्यंत गेलो. नदी गढूळ, दोन्ही काठ भरून. नावेत मामांनी डोळे मिटून चाचांचं मनगट जे धरलं ते पलीकडच्या काठावर उतरून शंभर पावलं चालल्यावर सोडलं. मामांच्या शर्टाची बाही निळी झाली होती.

गावात शिरलो तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील, पण भर दिवसा दारं लावलेली. कुत्रंही भुंकलं नाही. कुत्र्यांना एवढे भिणारे मामा त्या दिवशी मला म्हणाले, "एखादं भुंकलं असतं तर बरं वाटलं असतं." चावडीपुढे लिंबाखाली तीसचाळीस माणसं काठ्या घेऊन गप्प बसली होती. तीन दगडांवर कढई मांडलेली होती, खाली लाकडं रचलेली होती, पेटवायचीच काय ती राहिली होती. मांत्रिक यायचा होता. आणि समोर, गावाच्या टोकाला, एका झोपडीचं दार बाहेरून कडी घालून बंद केलेलं. मला घाम फुटला, खोटं कशाला सांगू?

पाटलाने मामांचा कोट आणि टोपी पाहून त्यांना कोणी साहेबच समजून उठून रामराम केला. मामांनी खिशातून भाषण काढलं. 'बंधूंनो, विवेकाच्या या युगात' एवढं वाचलं, आणि पुढे कागद असा थरथरायला लागला की अक्षरं दिसेनात. मागून कोणीतरी हसलं.

"रावसाहेब, थंडी वाजस का?" पाटलाने विचारलं.

मामांनी कागद खिशात ठेवला. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. कोर्टातली भाषा सोडून ते घरच्या अहिराणीत बोलायला लागले, "नही भाऊ, थंडी नही. मले भ्याव वाटस. तुमनं वाटस, त्या मांत्रिकनं वाटस. तुम्ही म्हनतस ती डाकीन शे, मंग तिनंबी वाटस. मी भुतेसले भेतस, सापले भेतस, कोंबडानी झडप मारी तरी भेतस."

आता कोणी हसत नव्हतं. त्यांच्यातले निम्मे लोक याच गोष्टींना भीत होते, आणि आजवर मोठ्याने कोणी बोललं नव्हतं.

"पन ते तेल नका तपाडू," मामा म्हणाले. "आठ दिन मी तिना घर राहस. तिना हातनी भाकर खास, तिना हातनं पानी पिस. ती डाकीन व्हई तर पहिले मले खाई. मी मरनू तर मंग तुमनी मर्जी."

मी त्यांच्या बाहीला हात लावला, पण ते माझ्याकडे बघेनात. पाटलाने एकदा आपल्या घराकडे पाहिलं. त्याचा स्वतःचा नातू घरात तापाने फणफणत होता, हे आम्हाला मागाहून कळलं. शेवटी तो म्हणाला, "आठ दिन. नव्वा दिन नही." मांत्रिकाला वाटेतूनच परत पाठवायला दोघं जण गेले. कढई मात्र तिथून कोणी हलवली नाही.

झोपडीची कडी मामांनीच काढली. आत कोपऱ्यात ती बाई गुडघ्यात मान घालून बसली होती. पन्नाशीची, वाळलेली. आम्ही मारायला आलो असं समजून तिने दोन्ही हात डोक्यावर घेतले. तिला बघून मामा दचकले, मामांना बघून ती दचकून उठली. दोघं दाराच्या दोन बाजूंना थरथरत उभी राहिली. मग मामा म्हणाले, "जिजी, जरासं पानी दे." आणि तिने दिलेला तांब्या त्यांनी डोळे मिटून एका दमात संपवला.

चाचा त्यांच्याजवळ राहायला तयार होते. मामांनीच नको म्हटलं. दोघं राहिले तर दुसऱ्याच्या जिवावर जगला असं गाव म्हणेल, हे त्यांचं म्हणणं. साथ हिवतापाची दिसत होती. चाचा प्रकाशालाच थांबले आणि मी नंदुरबारला धावलो. दवाखान्यातल्या कंपाउंडरच्या आणि त्यांच्या साहेबांच्या विनवण्या करण्यात, क्विनाइन मिळवण्यात आणि पुन्हा नदी ओलांडण्यात मला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत माझ्या बायकोशी मी डोळ्याला डोळा भिडवू शकलो नाही. तिचा एकुलता एक मामा मी डाकिणीच्या घरी ठेवून आलो होतो.

पाचव्या दिवशी कंपाउंडरला घेऊन गावात पोचलो तर मामा चावडीच्या ओट्यावर बसून पाटलाला कोर्टातली काही गंमत सांगत होते, आणि पाटील हसत होता. माझा जीव भांड्यात पडला. जवळ जाऊन मी त्यांचा हात धरला आणि तो तव्यासारखा भाजला. डोळे लालबुंद. दात वाजू नयेत म्हणून ते जबडा आवळून धरत आणि बोलताना तेवढा सोडत.

ते माझ्या कानाशी आले. "जवाईबापू, मोठ्याने हसा. मला परवापासून हीव भरतंय. कोणाला कळलं तर बाई मेली."

मी हसलो. तसं हसायची वेळ माझ्यावर पुन्हा कधी आली नाही. घसा खवखवला तर तीन दवाखाने पालथे घालणारा हा माणूस तीन दिवस थंडीतापात रोज सकाळी तोंड धुऊन, टोपी घालून, गावभर फिरून प्रत्येकाला रामराम करत होता! हुडहुडी भरायची वेळ झाली की झोपडीत जाऊन पडत. ती बाई त्यांच्यावर होतं नव्हतं ते पांघरूण घाली, अंगावर स्वतःचं ओझं टाकून त्यांचं कापणं दाबून धरी, आणि कण्हणं बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून रिकामंच जातं फिरवत बसे. तिला सगळं कळत होतं. हा माणूस गेला तर त्याच्यामागे आपण, हेही कळत होतं.

कंपाउंडरने पोरांना क्विनाइन द्यायला सुरुवात केली, पहिलं पाटलाच्या नातवाला. मामांचा डोस मी झोपडीत नेऊन दिला. "कडू आहे का?" त्यांनी घाबरून विचारलं. मला रडू आलं.

आठव्या दिवशी मामा काठीशिवाय चावडीपर्यंत चालत आले. त्यांचा कोट खांद्यावर लोंबत होता. पाटलाचा नातू ओसरीवर बसून भाकर खात होता. पाटलाने उठून कढईखालची लाकडं पायाने उधळली आणि दोघांना कढई उचलायला सांगितलं. झालं एवढंच. बाईची कोणी माफी मागितली नाही. पुढेही वर्षदोन वर्षं तिला बाळंतपणाला बोलावणं आलं नाही, विहिरीवर बाया तिची घागर भरून होईपर्यंत लांब उभ्या राहत. पण ती जगली, त्याच घरात, आणि पुढे पाटलाच्या सुनेने हट्ट धरून तिलाच बोलावलं असं चाचांनी बाजारात ऐकलं.

मामा बदलले असतील असं कोणाला वाटेल. मुळीच नाही. परतताना नावेत त्यांनी डोळे मिटले ते मिटलेच. पुढच्या रविवारी इतिवृत्तात लिहिलं, 'अमुक गावी जाऊन आलो. साथ ओसरली.' वकीलसाहेबांनी टाळ्या वाजवायला सांगितलं तेव्हा मामा त्या आवाजालाही दचकले.

त्या हिवतापाने त्यांना पुरतं सोडलं नाही. दर पावसाळ्यात तो येई. लढाई संपता संपता एकदा आला आणि मामांना घेऊन गेला. मंडळाच्या नियमाप्रमाणे आम्ही दिवसपाणी काही केलं नाही. माडीवर जमणारेही तोवर चारच उरले होते.

आठवडाभराने दुपारी दारात ती बाई उभी. बाजारात कोणीतरी सांगितलं, आणि ती नदी ओलांडून चालत आली होती. किती म्हातारी झाली होती! मी तिला आत बोलावलं, ती उंबऱ्याशीच टेकली. मग म्हणाली, "मास्तर, भाऊले शेवटले भ्याव वाटनं का?"

मी खरं ते सांगितलं. "हो जिजी. फार वाटलं."

तिने मान हलवली. "मंग जवळ कोन बठेल व्हतं?"

"चाचा होते. हात धरून बसले होते, अखेरपर्यंत."

"मंग बरं," ती म्हणाली, आणि पदराने तोंड पुसून रस्त्याकडे बघत राहिली.