पाणी दाखवायची शीळ

लिहायला बसलो तेव्हा दोनदा कागद बाजूला ठेवला. माझ्या घरातून माझ्या आधी कोणी कॉलेजात गेलं नाही, आणि मी गेलो तरी तिथे पक्ष्यांचा काही विशेष अभ्यास केला नाही. मला जवळून माहीत असलेला पक्षी एकच, तोही माझ्या चुकीमुळे. जाणत्यांनी हे वाचलं तर मावळातल्या एका शेतकऱ्याच्या मुलाने पाहिलेलं एवढंच समजावं, आणि चुकलं असेल तिथे क्षमा करावी.

दुसरं महायुद्ध सुरू होण्याच्या काही वर्षं आधीची गोष्ट. मी मॅट्रिक झालो आणि त्याच पावसाळ्यात मला हिवतापाने धरलं. कॉलेजचं वर्ष गेलं. बरोबरचे दोघे लोणावळ्याहून गाडीत बसून पुण्याला गेले, मी गावी, औंढ्याला, घोंगडीत पडून राहिलो. लावणीचे दिवस होते, सगळं गाव खाचरात. आबा, आई आणि धाकटी बहीणसुद्धा सकाळी जात ते दिवेलागणीला येत. मध्ये आबा एकदा बैलांना पाणी दाखवायला यायचे, तेवढाच काय तो माणसाचा आवाज.

अंगात थोडं बळ आलं की काठी घेऊन मी टेकाडापलीकडच्या ओढ्यापर्यंत जाई. तिथे गाडीवाटेखाली दगडी मोरी होती आणि मोरीच्या कपारीत कस्तुराचं घरटं होतं. कस्तूर म्हणजे काळपट निळा, साळुंकीपेक्षा मोठा पक्षी. पाण्याकाठी राहतो आणि काही काम नसलेला माणूस रमतगमत शीळ घालत चालला असावा तशी शीळ घालतो. आमच्या ओढ्यावर एकाने घातली की वरच्या धबधब्याजवळचा दुसरा उत्तर देई.

एका सकाळी ओढ्याला लोंढा आला आणि निम्मं घरटं वाहून गेलं. एक पिल्लू खाली चिखलात बसलं होतं. त्याचे आईबाप समोरच्या दगडावरून ओरडत होते. मी हात उंच केला असता तर उरलेल्या घरट्यात ते सहज बसलं असतं. मी ते सदऱ्यात घालून घरी आणलं. घरी सांगितलं की वाहून चाललं होतं. खरं म्हणजे मला सोबत हवी होती. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

गांडुळं आणि भाताच्या बांधावरची खेकड्यांची बारीक पिल्लं घालून मी ते वाढवलं. आबांनी कुरकुर करत कारवीच्या काठ्यांचा पिंजरा विणून दिला आणि तो पडवीत, गोठ्यासमोर टांगला. घर टेकाडाच्या अलीकडे असल्यामुळे ओढ्यावरची शीळ तिथे ऐकू येत नसे. हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही.

हिवाळ्यात पिल्लू स्वतःशीच पुटपुटायला लागलं. तोंडात पाणी धरून बोलावं तसं काहीतरी, ज्याला ना सूर ना शेवट. मी वाट पाहत होतो. होळीनंतर एका दुपारी पडवीतून स्वच्छ शीळ आली आणि मी पुस्तक खाली ठेवलं. ती कस्तुराची नव्हती. ती आबांची होती.

बैलांना पाणी दाखवताना आमच्याकडे हलकी, लांब शीळ घालतात. ती ऐकत बैल निवांत पितात. प्रत्येकाची शीळ वेगळी असते. आबांचा पुढचा एक दात पडलेला, त्यामुळे त्यांची शीळ चढता चढता मध्येच तुटायची, नुसती हवा यायची आणि मग पुन्हा सूर लागायचा. कस्तुराने ती तुटकी जागाही जशीच्या तशी उचलली होती.

बैलांनी दावी ताणून गोठ्यातल्या दगडी डोणीत, म्हणजे पाण्याच्या कुंडीत, तोंडं घातली. आबा शेतातून आले तेव्हा ते रिकामी डोणी चाटत होते.

"ह्येंना पाणी कुणी दावलं?" आबांनी विचारलं.

"तुमच्या धाकट्या लेकानं," आई पिंजऱ्याकडे बोट करून म्हणाली. "दात तुमचा पडलाय, अन् शीळ त्येची फुटती."

आबा डोणीत पाणी ओतून पिंजऱ्याखाली आले. मग म्हणाले, "बरं झालं. उद्यापासनं ह्यो बैलं बघंल, मी निजतो."

सगळे हसले, मीही हसलो. पण रात्री जेवताना मी विचारलं, "आबा, तो त्याची स्वतःची का घालत नाही?"

"त्येला शिकवणार कोण? तू हाईस का कस्तूर?"

त्यांनी ते सहज म्हटलं आणि भाकरी मोडली.

जूनमध्ये मला पुण्याला जायचं होतं. जायच्या आदल्या दिवशी मी पिंजरा ओढ्यावर नेऊन उघडला. पाण्याचा आवाज आणि आपली माणसं भेटली की ह्याची शीळ आपोआप येईल अशी माझी समजूत होती. तो एका दगडावर बसला आणि त्याने आबांची शीळ घातली. वरच्या बाजूचा कस्तूर थांबला. याने पुन्हा घातली. तसा तो झेपावत खाली आला आणि त्याने याला दगडावरून हुसकलं. नंतर दोघेही झाडीत दिसेनासे झाले आणि मला गाडी गाठायची तयारी करायची होती.

पुण्यात एका पेठेत माडीवरची खोली मिळाली. दोन वेळा खाणावळीत जेवायचो. शेजारी बसणारे सगळे एकमेकांना ओळखायचे, पानावर बसल्या बसल्या बोलायचे. मी ऐकायचो. हळूहळू त्यांचे "आम्ही", "तिकडे", "नाही का" माझ्या तोंडात बसले. खोलीत एकटा असताना मी ते मोठ्याने म्हणून पाही.

पहिल्याच सत्रात जीवशास्त्राच्या तासाला सरांनी सांगितलं की पक्ष्याचं गाणं त्याच्या पिसांसारखं अंड्यातूनच ठरून येतं. मी उभा राहिलो. इंग्रजीत सुरुवात केली, दोन शब्दांनंतर अडलो आणि तोंडून निघालं, "सर, तसं न्हाई. आमच्या पक्ष्यानं आबांची शीळ उचलली. बैलाला पाणी दावायची."

वर्ग हसला. मागच्या बाकावरून कोणीतरी शीळ घातली आणि "पी बाबा, पी" असं म्हणालं. सर रागावले नाहीत. "पोपटही बोलतो," ते म्हणाले, "पण ते त्याचं गाणं नव्हे. बसा." त्यांच्या म्हणण्यात काही चूक आहे की नाही हे मला ठरवता येईना. त्यानंतर वर्षभर मी वर्गात उभा राहिलो नाही.

दिवाळीत घरी गेलो, पण कस्तूर तेव्हा गात नाहीत. तो जिवंत आहे की नाही हेही कळलं नाही. मे महिन्यात गेलो तेव्हा पहिल्याच पहाटे ओढ्यावर जाऊन बसलो. वर धबधब्याकडे दोघांची आपसात चालली होती, एकाची संपते न संपते तोच दुसऱ्याची. मग खाली मोरीपाशी आबांची शीळ आली. चढत गेली, तुटली, पुन्हा लागली. त्याने ती घातली आणि तो थांबला. कोणी काही म्हटलं नाही. त्याने पुन्हा घातली. सूर्य वर येईपर्यंत मी मोजायचं सोडून दिलं होतं.

मला राहवलं नाही. मी तीच शीळ घातली, दात असूनही मध्ये तोडून. तो लगेच जवळच्या फांदीवर आला, मान वाकडी करून बसला आणि त्याने उत्तर दिलं. मी पुन्हा घातली. असं बराच वेळ चाललं. खाणावळीत वर्षभरात इतका वेळ माझ्याशी कोणी बोललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो माझी वाटच पाहत असावा. मी वाटेवर दिसलो तसा तो मोरी सोडून माझ्यापाशी आला. तेव्हा मला ते उमजलं. मी उत्तर देत राहिलो तर तो माझ्याच अवतीभोवती राहणार, आणि मी तर जूनमध्ये जाणार. त्याने वरच्या कस्तुरांपाशी जाऊन त्यांची शीळ ऐकायला हवी होती, आणि त्यांनी त्याची. तिसऱ्या दिवशी तो आला तेव्हा मी ओठ घट्ट मिटून बसलो. त्याने पाचसहा वेळा घातली. मग तो माझ्यासमोर नुसताच बसून राहिला. मी उठून घरी आलो आणि ती सुट्टी संपेपर्यंत ओढ्याकडे फिरकलो नाही.

"का रं, शेरातलं बोलाय लागल्यापासनं पाखराशी बी बोलंना झालास?" आईने विचारलं.

पुण्याहून मी दर पत्रात विचारी, "कस्तुराचं काय?" आबांना लिहिता येत नव्हतं. गावच्या शाळेतले गुरुजी त्यांचं पत्र लिहून देत, शुद्ध आणि नेटकं. सर्व क्षेम आहे, पीकपाणी बरं आहे, अभ्यास मन लावून करावा. कस्तुराबद्दल एक अक्षर नसे. पुढच्या उन्हाळ्यात एका वकिलांच्या मुलांना शिकवायचं काम मिळालं म्हणून मी घरी गेलो नाही. निदान स्वतःला कारण तरी तेच दिलं. पत्रांत काही नाही म्हणजे तो गेला, आणि आबांना ते कळवायचं नाही, असं मी धरून चाललो. मी तोंड मिटून बसलो ते चुकलं, की पहिल्या दिवशी सदऱ्यात घातलं ते, हे मी खिडकीत बसून घोळवीत असे.

आषाढाच्या शेवटी एक कार्ड आलं. अक्षर मोठं, ओळी उतरत्या. गुरुजींची बदली झाली होती आणि चौथीत गेलेल्या बहिणीने लिहिलं होतं. आबा बोलले ते जसंच्या तसं तिने उतरवलं होतं:

"तुला कस्तुराचं मागं दोनदा सांगितलंवतं. गुरुजी म्हणले पत्रात पाखरं लिवत न्हाईत. तर तो हाय. मोरीतच ऱ्हातो. गेल्या पावसाळ्यात वरल्या घरट्यातली पिल्लं उडाली, त्यातला एक आता खाली उतरलाय. त्यो आदी वरल्यांची घालतो, मग आपली बैलांची घालतो, अन् मदी बरुबर तुटतो. ह्यानं घातली की त्यो घालतो. सकाळधरनं दोगांचं चालतं. माजा दुसरा बी दात पडला. आता शीळ येत न्हाई, नुसता वारा येतो. बैलं डोणीवर पाणी पीनात, म्हणून वढ्यावर नेतो. तितं पित्यात."