तिकीटखिडकीतली अराबा

घानातल्या टाकोराडीच्या मार्केट सर्कलवरून बंदराकडे उतरू लागलं की डाव्या हाताला एक जुनं थिएटर लागतं. आता तिथे पडद्याच्या जागी क्रूस आहे आणि आत हात उंचावून प्रार्थना चालतात. पण एके काळी याच रंगमंचावर गावोगाव फिरणाऱ्या नाटकमंडळ्या उतरायच्या. लॉरीतून पेट्या निघायच्या, गिटारी सुरात लागायच्या, आणि तोंडाला पांढरा रंग फासलेला विदूषक विंगेतून नुसता डोकावला, तरी मागच्या बाकांवरच्या बाया हसून हसून एकमेकींच्या अंगावर कोसळायच्या. ते दिवे विझले, ती माणसंही गेली. तिकिटाची खिडकी तेवढी राहिली. गज तेच, खालची लाकडी फळीही तीच, हजारो कोपरांनी घासून गुळगुळीत झालेली. त्या खिडकीत अराबा क्वानसा बसते. तिकिटं विकत नाही. लोकांचे हरवलेले ई-मेल शोधून देते.

हा धंदा तिने ठरवून घेतलेला नव्हता. तरुणपणी तिचं सायबर कॅफे होतं. परदेशी गेलेल्या भावाला, नवऱ्याला, मुलीला ई-मेल लिहायला माणसं रांग लावायची. कुणाला लिहिता येत नसलं तर अराबा त्यांच्या वतीने लिहायची, आणि मजकूर फारच कोरडा वाटला तर दोन गोड शब्द पदरचे घालायची. मग प्रत्येकाच्या हातात फोन आला आणि कॅफेतल्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. बहिणी म्हणाल्या, "मक्याचं केंके विक. पीठ आंबवायला वीज लागत नाही." अराबाने सगळी यंत्रं विकली, एक ठेवलं, आणि ते घेऊन या खिडकीत येऊन बसली.

कारण तिच्या एक गोष्ट लक्षात आली होती. कॉम्प्युटर माणसाचा सगळा ई-मेल एकाच मोठ्या गाठोड्यात बांधून ठेवतो. वर्षानुवर्षांचा व्यवहार, भांडणं, प्रेमं, सगळं एकत्र. आणि आमच्याकडची वीज! ती कधी जाईल ते तिला स्वतःलासुद्धा ठाऊक नसतं. गाठ मारली जात असतानाच ती गेली, तर ते गाठोडं पुन्हा उघडत नाही. मालक समजतो, सगळं संपलं. पण आतलं काही कुठे गेलेलं नसतं. कुठे काय ठेवलंय हे सांगणारी यादी तेवढी फाटलेली असते. अराबा आधी गाठोड्याची नक्कल काढते, मूळ गाठोड्याला बोटही लावत नाही, आणि मग नकलेतून एकेक तुकडा वेचून नवं गाठोडं बांधते. जहाजांचे एजंट येतात, लाकडाचे व्यापारी येतात, वकील येतात. खिडकी बुटकी असल्यामुळे सगळ्यांना वाकावं लागतं.

"रडून झालं का?" ती आधी विचारते. "झालं असेल तर मशीन आत द्या. नसेल तर आधी समोर नारळपाणी प्या, मग रडा. कोरड्या घशाने रडू नये."

आणि काम झालं की तिचा खास प्रवेश असतो. गजांमधून मान बाहेर काढून ती सापडलेल्या पहिल्या ई-मेलचा विषय खणखणीत आवाजात वाचते. रस्त्यावरची माणसं टाळ्या वाजवतात. मालाची थकलेली नोंद असो की चुलत्याच्या शेळीची चौकशी, टाळी पडतेच.

अशा या खिडकीशी एका सोमवारी सकाळी मास्टर कोबिना गार्टी आले. ऐंशीला टेकलेले, अंगात कोट, आणि छातीशी कॉम्प्युटर असा धरलेला की जणू तापातलं लेकरू. मास्टर म्हणजे गावातल्या सगळ्यात जुन्या चर्चच्या गायनमंडळाचे प्रमुख. त्यांच्या मागे आंटी मान्सा होती. ती मंडळातल्या जाड आवाजाच्या बायकांची पुढारी. केंकेच्या गाड्यावरून ती हाक मारायला लागली, तर बंदरात नांगर टाकलेल्या जहाजावरचा खलाशीसुद्धा वळून बघतो.

"अराबा," मास्टर म्हणाले, "माझं गाणं आत अडकलंय."

"बसा, मास्टर. नीट सांगा."

"कुठे बसू? तुझ्या फळीवर?"

"ते ऐकत नाहीत गं," आंटी मान्सा मध्ये घुसली. "मी म्हणत होते, मास्टर, कागदावर लिहा. तर म्हणे कागदाला वाळवी लागते. आता घ्या! विजेलाच वाळवी लागली!"

"तू गप्प बस, मान्सा. गाताना लागतो तेवढाच आवाज वापर."

सगळी हकीकत अशी. मास्टरांचा हात थरथरतो, त्यामुळे लिहिणं बंद झालं होतं. इंग्लंडमध्ये लीड्सला नर्स असलेल्या मुलीने त्यांना कॉम्प्युटरवर एकच गोष्ट शिकवली होती, ई-मेल लिहिणं. मास्टरांनी तेवढ्यावर सगळा संसार मांडला. बाजाराची यादीही ते ई-मेलमध्ये लिहीत, आणि गाणंही. आणि अर्धवट गाणं कुणाला दाखवायचं नाही, हा त्यांचा जन्माचा नेम. त्यामुळे लिहिलेलं काही कुणाला पाठवलेलं नव्हतं. चर्चच्या स्थापनेचा वर्धापनदिन येत्या रविवारी होता. त्यासाठी चार आवाजांचं मोठं गाणं रचता रचता दोन पावसाळे गेले होते. शेवटचा सूर बसला, मास्टरांनी खूश होऊन डोळे मिटले, आणि तेवढ्यात वीज गेली.

"आठवून पुन्हा नाही का लिहिता येणार?" अराबाने हळूच विचारलं.

मास्टर हसले. "पोरी, या वयात कालचं जेवण आठवत नाही. गाणं कानावर पडलं तर माझं आहे की नाही ते सांगेन. पण विहिरीत उतरून काढता नाही यायचं."

"आणि नाही सापडलं तर," आंटी मान्सा आवाज उतरवून म्हणाली, "कमिटीने केप कोस्टच्या चर्चचं मंडळ बोलवायचं ठरवलंय. आमच्या घरच्या सोहळ्यात पाहुणे गाणार आणि आम्ही पंखे हलवत बसणार. हे गाऊन झालं की मास्टर तालाची काठी कायमची खाली ठेवणार होते, अराबा. असं रिकाम्या हाताने नाही गं ठेवायची."

अराबाने कॉम्प्युटर आत घेतला. "उद्या या," ती म्हणाली. तिच्या तोंडून "उद्या या" निघालं की काम झालंच, असा तिचा लौकिक होता.

दुसऱ्या दिवशी गाठोडं उघडलंसुद्धा. मुलीचे ई-मेल निघाले, बाजाराच्या याद्या निघाल्या, वीजमंडळाला धाडलेल्या तक्रारी तर ढिगाने निघाल्या. गाणं निघालं नाही. अराबाने पुन्हा वेचलं. तिसऱ्यांदा वेगळ्या हत्याराने वेचलं. आणखी याद्या. वाळवलेले मासे, शितो चटणीची मिरची, साबण.

बुधवारी मास्टर फळीवर कोपरं टेकून उभे राहिले, मागे आंटी मान्सा. अराबाला त्यांच्याकडे बघवेना.

"मास्टर, जेवढं होतं तेवढं सगळं काढलं. गाणं तिथे नाही."

"सगळं?"

"हो. बाकी नुसता कचरा."

"कोणता कचरा?"

"गाठोडं तुटलं की भुसा पडतोच, मास्टर. अर्थ नसलेली अक्षरं, टिंबं, रेघा. गिऱ्हाइकं घाबरतात, म्हणून मी यंत्राला नियमच घालून दिलाय, की ज्या तुकड्यात शब्द नाहीत तो बाजूला फेक. मी तो बघतही नाही."

मास्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "माझ्या घरी मोलकरीण होती," ते म्हणाले. "झाडून झालं की सुपली मला दाखवायची आणि मगच कचरा फेकायची. बायकोचं कानातलं तसंच सापडलं होतं. दाखव तुझी सुपली."

अराबाने थोड्या नाराजीनेच तो ढीग उघडला आणि पडदा खिडकीकडे वळवला.

ड : र | म : –

आमच्या गायनमंडळांना रेघांवर टांगलेली काळी टिंबं वाचता येत नाहीत, आणि त्याची कुणाला खंतही नाही. आम्ही सूर अक्षरांनी लिहितो. पाश्चात्त्य सरगमातल्या डोचा ड, रेचा र, मीचा म. मात्रा मोजायला मध्ये दोन टिंबं, सूर लांबवायला आडवी रेघ. खाली फांटी भाषेतले शब्द. अराबाच्या यंत्राला त्यातलं काहीच कळत नव्हतं. त्याला इंग्रजी शब्द तेवढे ठाऊक. सूर म्हणजे त्याला भुसा, आणि अराबाच्या आईची भाषाही भुसाच. तीन वेळा तिने हातांनी मास्टरांचं गाणं वेचलं होतं आणि तीनही वेळा तिच्याच नियमाने ते उकिरड्यावर टाकलं होतं.

"अगं बाई," अराबा म्हणाली आणि तिने दोन्ही हात डोक्यावर ठेवले.

मास्टरांचं बोट फळीवर ताल धरू लागलं होतं.

"पुढचा तुकडा," ते म्हणाले.

पुढचा तुकडा आला आणि त्यांचं बोट थांबलं. "हा नव्हे. हा मधला आहे."

आता खरी गंमत सुरू झाली. तुकडे सापडले होते, पण त्यांचा क्रम गेला होता. न पाठवलेल्या ई-मेलवर ना पत्ता, ना शिक्का, आणि उरलेल्या तारखा फाटक्या यादीबरोबरच गेलेल्या. शेकडो तुकडे, चार आवाजांचे, एकमेकांत मिसळलेले. त्यांना ओळीत लावणारं हत्यार अजून कुणी बनवलेलं नाही.

"हत्यार आहे की," मास्टर म्हणाले. "मान्सा! मंडळाला बोलाव."

आंटी मान्साने रस्त्याकडे तोंड करून हाक दिली.

माणसं आली. शिवणयंत्र सोडून शिंपी आला, शाळा सुटल्यावर मास्तरणी आल्या, बंदरातले तीन खर्जाचे गडी हेल्मेटसकट आले. थिएटरच्या पायरीवर चार गट झाले. अराबा खिडकीतून एकेक तुकडा मोठ्याने वाचू लागली, सुरांच्या अक्षरांत, जसा शाळेत वाचायची तसा. ज्यांचा आवाज त्यात बसेल ते गाऊन बघत. एका तुकड्याचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीला मिळाला की मास्टर हात उचलत आणि अराबा ते दोन जोडून टाके. मिळाला नाही तर मास्टर दात दुखल्यासारखं तोंड करत.

"हे बायकांचं आहे," खर्जाचा एक गडी म्हणाला.

"तू गा रे, तुला शोभतंय," आंटी मान्सा म्हणाली. "हेल्मेट काढ फक्त. आवाज आतच घुमतोय."

"आंटी, तुझा आवाज काढला तर बाकी काय उरेल?"

"शांतता उरेल आणि तू त्यातही बेसूर होशील!"

केंकेचा गाडा तिथेच आला, तळलेले मासे आले. जाणारे थांबले, टॅक्सीवाले खिडक्या खाली करून ऐकू लागले. आत प्रार्थनेला आलेल्यांनी आपले ढोल थांबवले आणि तेही दारात येऊन उभे राहिले. त्या पायरीने पुष्कळ गर्दी पाहिली असेल, पण एखादं गाणं तुकड्यातुकड्यांनी जन्माला येताना बघायला जमलेली गर्दी ती पहिलीच. शनिवारी दुपारपर्यंत सगळं ओळीत लागलं. एक जागा तेवढी रिकामी राहिली. मधला एक तुकडा खरोखरच गेला होता. त्यावर दुसरं काहीतरी लिहिलं गेलं होतं, बहुधा साबणाची यादी.

सगळ्यांचे चेहरे पडले. अराबा म्हणाली, "मास्टर, हा मला नाही परत आणता येत. माफ करा."

मास्टरांनी अलीकडचा भाग गाऊन घेतला, पलीकडचा गाऊन घेतला, आणि मग दोन्ही स्वतःशीच एकामागून एक गुणगुणून पाहिले.

"तिथे मी फार नखरे केले होते," ते अखेर म्हणाले. "इथून उडी मारा, थेट तिकडे. वीजमंडळाचे आभार माना. जन्मात पहिल्यांदा त्यांनी माझं काही सुधारलं."

हसण्याचा असा स्फोट झाला की गाड्यावरचे मासे उडतील असं वाटलं. आणि लगेच, हसू ओसरायच्या आत, मास्टरांनी हात वर नेला आणि मंडळाने ती उडी मारली. अंगावर काटा आला. गाणं मासेमारांचं होतं. "जाळं जड आहे, हात सोडू नका," एवढेच शब्द, आणि त्या उडीनंतर चारही आवाज एकदम किनाऱ्याला लागत होते.

रविवारी चर्चमध्ये उभं राहायला जागा नव्हती. केप कोस्टचं मंडळ आलं होतं, पण पाहुणे म्हणून, पुढच्या बाकावर. अराबाला मागे कोपऱ्यात उभं राहायचं होतं. आंटी मान्साने तिचा दंड धरला, एक जांभळा झगा तिच्या डोक्यातून खाली ओढला आणि तिला बायकांच्या रांगेत ढकललं. "तीन दिवस खिडकीतून गायलीस, आता दारातून गा."

मास्टर समोर आले. त्यांनी काठी उचलली.

सुरुवात हळू झाली. खर्जाचे गडी दोर ओढावा तसे सूर ओढत होते, वर बायकांचे आवाज लाटेसारखे चढत होते. ती उडीची जागा आली. मंडळ उडालं, किनाऱ्याला लागलं, आणि चर्चभर पांढरे रुमाल हवेत उठले. मागच्या बाकांवरून म्हाताऱ्या उठल्या आणि कमरेत वाकून, हात पसरून, मधल्या वाटेने नाचत पुढे आल्या. पाद्रीबाबांना आशीर्वाद द्यायचा होता, पण त्यांचं कुणी ऐकेना. "पुन्हा! पुन्हा!" पहिली हाक केप कोस्टच्या बाकावरून आली होती.

मास्टर वळले. चष्म्यावर काहीतरी साचलं होतं, ते त्यांनी पुसलं नाही. त्यांनी काठी अराबाच्या रांगेकडे केली.

"ऐकलंत ना?" ते म्हणाले. "पहिल्यापासून."

या खेपेला आख्खं चर्च गात होतं. जाळ्याची ओळ सगळ्यांना पाठ झाली होती, पाद्रीबाबांनासुद्धा. त्या आवाजात अराबाला स्वतःचा आवाज वेगळा ऐकूच येईना, आणि तिने आणखी मोठ्याने गायला सुरुवात केली.