काकूंचं कुंपण

दूधवाल्या काकूंची जीभ आणि काकूंच्या गाई, दोन्ही फार वेळ एका जागी बांधून राहत नसत. नवरा गेल्यापासून चार गाई हाच त्यांचा संसार होता. सकाळी धारा काढायच्या, घरोघर दूध घालायचं आणि मग गाई घरामागच्या माळावर सोडायच्या. माळ एका म्हाताऱ्या मालकाचा होता. त्याने चरायला कधी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. आधी सासूच्या गाई तिथे चरल्या, मग काकूंच्या. विकतच्या चाऱ्यावर चार गाई पोसणं काकूंना झेपणारं नव्हतं, हे अख्ख्या वस्तीला ठाऊक होतं.

म्हातारा वारला, मुलाने माळ बिल्डरला विकला आणि तिथल्या घरांचा आराखडा नियोजन समितीपुढे आला. समितीने लोकांचं म्हणणं ऐकायला सभा ठेवली. काकूंचा धाकटा दीर सुतारकाम करायचा. विरोध करणाऱ्यांचा पुढारी तोच. सभेच्या दिवशी तो दारात येऊन उभा राहिला.

"चला वहिनी, आज तुमच्या जिभेचं काम आहे. एरवी ती माझ्यावरच चालते."

"तुमच्यावर नुसती धार लावते हो, भाऊजी. कापायला दुसरं कोणी लागतं."

सभागृहात भिंतीवर मोठा नकाशा लावला होता. रस्त्यालगतच्या कोपऱ्यात घरांचे तांबडे चौकोन एकमेकांना खेटून बसले होते आणि बाकी सगळा माळ हिरवा रंगवला होता. नियोजन अधिकारी तरुण होता, बोलायला गोड. तो म्हणाला, "नेहमीसारखे प्लॉट पाडले असते तर सगळा माळ गेला असता. इथे घरं एका कोपऱ्यात येतील आणि उरलेली जागा कायमची राखीव राहील. तिथे कधीही बांधकाम होणार नाही."

काकू नकाशाजवळ गेल्या. हिरवा रंग नेमका गाई चरायच्या तिथेच होता.

"गवत असंच राहणार?" त्यांनी विचारलं.

"असंच राहणार, काकू."

दुसरं कोणी असतं तर एवढ्यावर खाली बसलं असतं. पण काकूंनी उभ्या आयुष्यात कोणाच्या तोंडी शब्दावर दूधसुद्धा उधार घातलं नव्हतं. "साहेब, नकाशावरची रेघ रबराने पुसता येते," त्या म्हणाल्या. "उद्या हीच घरं हळूहळू पाय पसरतील. सिमेंटचे खांब रोवा, तारेचं पक्कं कुंपण घाला, मग माझी हरकत नाही."

टाळ्या पडल्या. समितीच्या अध्यक्षांनी मान डोलावली आणि कुंपणाची अट तिथल्या तिथे आराखड्याला जोडून घेतली.

दिराने काकूंचा दंड धरला. "अहो वहिनी, आपण विरोध करायला आलोय!"

"तुम्हाला माळ वाचवायचा होता ना? वाचला. बसा आता."

काकू बसल्या तशी विरोध करणारी निम्मी माणसंही बसली. आराखडा मंजूर झाला.

घरं उभी राहिली आणि मग कुंपण आलं. काकूंच्या डोळ्यांपुढे ते घरं आणि गवत यांच्या मध्ये होतं. प्रत्यक्षात ते माळाला चहूबाजूंनी वेढत आलं आणि त्यांच्या गोठ्यामागून पुढे गेलं. फाटक एकच ठेवलं होतं, नव्या घरांच्या बाजूला.

काकू तडक अधिकाऱ्याकडे गेल्या. "मी कुंपण मागितलं ते घरांसाठी. माझ्यासाठी नव्हे!"

"काकू, राखीव जागेला कुंपण सगळीकडूनच घालतात. ती जागा आता तिथल्या घरमालकांच्या संघाची आहे. गुरं सोडली तर गवत राखलं जाईल कसं?"

"इतकी वर्षं कोणी राखलं मग?"

तो खरंच ओशाळला. "त्या दिवशी तुम्ही गाईंचं नावसुद्धा काढलं नाहीत. काढलं असतं तर चराईची अट घालता आली असती. आता मंजुरी झाली."

गाईंचं त्या खरंच बोलल्या नव्हत्या. सगळ्यांना ठाऊक असलेलं पुन्हा काय सांगायचं, असं त्यांना वाटलं होतं. पण वस्तीला ठाऊक असलेलं नकाशाला ठाऊक नव्हतं.

संघाकडेही त्या जाऊन आल्या. तिथे त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं की संध्याकाळी मुलं आत फिरतात, शेणातून कशी चालणार? गवत कमरेएवढं वाढून वाळलं तेव्हा संघाने यंत्र आणून ते कापलं आणि ट्रकात भरून कुठेतरी टाकायला पाठवलं. काकूंनी ते मागितलं होतं. त्यावर औषध फवारलंय, जनावरांना चालणार नाही, असं उत्तर मिळालं.

वस्तीने कुंपणाला नाव दिलं, काकूंचं कुंपण. "काकूंच्या कुंपणापासून डावीकडे वळा," असं लोक पाहुण्यांना सांगू लागले. दीर तर टोमणा मारायची एकही संधी सोडत नसे. "वहिनी, कुंपण मजबूत झालंय हं. तुमच्या शब्दासारखं." काकू दोन्ही हातांनी परतफेड करत. तेवढाच काय तो जुना झणका उरला होता.

एकेक करत तीन गाई विकल्या गेल्या. शेवटची न्यायला टेम्पो आला तेव्हा ती फळीवर पाय टाकेना. दीर हातातलं काम टाकून आला. त्याने तिला चुचकारत, खांदा लावून वर चढवलं आणि मागची फळी लावली. टेम्पो निघून गेला तरी तो तिथेच उभा होता, पायाकडे बघत.

"बोला की भाऊजी," काकू म्हणाल्या. "आज कसा टोमणा नाही?"

"काय बोलू, वहिनी?"

"काहीही बोला. पण गप्प राहू नका हो."

तो गप्पच राहिला.